‘तो’ या शब्दांत ‘ती’ आहे काय?

विद्यापीठांतील भाषा सर्वांस सामावून घेणारी असावी, असा आग्रह हल्लीं धरला जातो. ‘हें नवें पाश्चात्य खूळ आहे,’ असें कित्येक सुशिक्षित गृहस्थ म्हणतांना आम्हीं ऐकिलें आहे. परंतु हा प्रश्न नवा नाहीं आणि परकाही नाहीं.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्याच्या नियमांत परीक्षार्थी सर्वत्र ‘तो’ होता, आणि त्या एका सर्वनामाआड स्त्रियांची वाट अडून राहिली. अखेर १८८३ सालीं विद्यापीठानें ठरविलें कीं, नियमांतील पुल्लिंगी शब्द स्त्री व पुरुष या दोहोंचे वाचक समजावे.

या उघडलेल्या दारांतून कॉर्नेलिया सोराबजी आंत आल्या. जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. परीक्षेंत अग्रस्थान मिळवूनही विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति त्यांस केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. हितचिंतकांच्या साहाय्यानें त्या १८८९ सालीं ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ सालीं विशेष परवानगीनें कायद्याच्या परीक्षेस बसल्या. पदवी मात्र १९२२ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं, हातीं पडली! शब्द बदलला तरी संधि आपोआप मिळत नाहीं, हेंही यावरून दिसतें.

येथें संस्कृतज्ञ वाचक पाणिनीच्या एकशेषाकडे बोट दाखवितील. ‘पितरौ’ म्हटलें कीं माता आलीच. खरें, पण तेथें माता व पिता दोघेंही आधीं मनांत धरलेलीं असतात, मग एक शब्द गळतो. जिला आरंभीं मोजलीच नाहीं, ती शेषांत कोठून असणार?

विरोधकांसही अवश्य बोलूं द्यावें. विद्यापीठ हें वादाचेंच स्थान आहे. परंतु जिला सभेंत प्रवेशच नाहीं, तिला भाषणस्वातंत्र्य असून काय उपयोग?

आमच्या अध्यापनकाळीं आम्हीं एकदां फळ्यावर लिहिलें, ‘प्रत्येक विद्यार्थ्यानें वडिलांची सही आणावी.’ मागच्या बाकावरील एक पितृहीन मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, आईची चालेल ना?” आम्हीं ‘वडिलांची’ पुसून ‘पालकांची’ लिहिलें. व्याकरण यत्किंचितही बिघडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सर्वांत आधीं सही आणली ती तिनेंच.