शहराचें वचन आणि न्यायालयाचा हुकूम

एखाद्या व्यापाऱ्यानें हुंडी लिहून दिली व मुदत भरतांच ती सकारली नाहीं, तर बाजारांत त्याची पत जाते आणि सावकार त्याच्या दुकानावर जप्ती आणतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ऋणको जर एक सबंध शहर असेल, तर जप्ती कशावर आणावयाची? रस्ते, पाण्याचे हौद, शाळा, आगीचे बंब हीं सर्व लोकांच्या उपयोगाचीं. त्यांचा लिलाव कोणीं पुकारावा? शहराजवळ सावकारास भरंवसा वाटावा असें धन एकच, आणि तें म्हणजे रहिवाशांवर कर बसविण्याचा अधिकार. तो अधिकार शहर वापरीत नसेल तर न्यायालयानें त्यास तो वापरावयास लावावें काय, व लावतां येईल काय, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत मोठ्या निकरानें लढला गेला. आमच्याकडील नगरपालिकाही आतां बाजारांत रोखे काढून कर्ज उभारीत असल्यामुळें, तो वाद आम्ही आज मुद्दाम वाचकांपुढें मांडीत आहों.

त्या काळीं तिकडे आगगाडीचें वेड पसरलें होतें. आपल्या गांवावरून गाडी गेली कीं गांवाचें सोनें होईल, या आशेनें शेंकडों शहरांनीं व कौंट्यांनीं, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांनीं, रेल्वे कंपन्यांस कर्जरोखे लिहून दिले. कंपन्यांनीं ते दूरच्या धनकोंस विकून पैसा केला. पुढें कित्येक ठिकाणीं रूळ पडलेच नाहींत, कित्येक ठिकाणीं कंपनीचें दिवाळें निघालें. गांवाच्या पदरीं उरलें तें केवळ व्याज. तेव्हां "हे रोखे मुळांतच बेकायदेशीर" अशी ओरड सुरू झाली. आयोवा राज्याच्या न्यायालयानें आधीं असे रोखे कायदेशीर ठरविले होते, परंतु पुढें 1862 सालीं आपलें मत फिरविलें. डुब्यूक शहराच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें 1864 सालीं निकाल दिला कीं, ज्या वेळीं न्यायालयें रोखे खरे मानीत होतीं त्या वेळीं घेतलेले रोखे मागाहून खोटे ठरवितां येत नाहींत.

यापुढचें पाऊल 1867 सालीं इलिनॉय राज्यांतील क्विन्सी शहराच्या खटल्यांत पडलें. या शहरानें रोखे काढले तेव्हां त्यांच्या फेडीसाठीं खास कर बसविण्याची मुभा कायद्यानें दिलेली होती. पुढें 1863 सालीं विधिमंडळानें त्या करावर शंभर डॉलरांमागें 50 सेंटांची मर्यादा घातली, आणि व्याज थकलें. न्यायालयानें म्हटलें कीं, ज्या कराच्या भरंवशावर सावकारानें पैसा दिला तो कर कराराचाच भाग होय. तो मागाहून काढून घेणें म्हणजे करारच मोडणें, आणि तसें करण्यास अमेरिकेची राज्यघटना मनाई करिते. सबब शहरानें कर बसवावा असा परमादेश निघाला.

परंतु हुकूम निघणें वेगळें आणि पैसा हातीं पडणें वेगळें. विस्कॉन्सिन राज्यांतील वॉटरटाउन शहरावर असाच परमादेश सुटला, तेव्हां तो बजावला जाण्यापूर्वींच बहुसंख्य सभासदांनीं राजीनामे दिले; पुन्हां हुकूम निघाला, पुन्हां राजीनामे! शेवटीं धनकोनें विनंती केली कीं, न्यायालयाच्या मार्शलनेंच नागरिकांकडून कर वसूल करावा. सर्वोच्च न्यायालयानें 1874 सालीं ती नाकारली; कारण अधिकाऱ्यास त्याचें कर्तव्य करावयास लावणें हें न्यायालयाचें काम, स्वतः कर बसविणें हें त्याचें काम नव्हे. मिसूरी राज्यांतील सेंट क्लेअर कौंटींत न झालेल्या रेल्वेचें कर्ज होतें. तेथील कारभाऱ्यांनीं कर बसविण्यापेक्षां लपून राहणें व प्रसंगीं तुरुंगांत जाणें पत्करलें. मेंफिस शहरानें तर कमाल केली. 1878 सालच्या पीतज्वरांत तेथें पांच हजारांवर माणसें दगावलीं. कर्जानें व रोगानें खचलेल्या त्या शहराची सनदच टेनेसी राज्यानें 1879 सालीं रद्द केली, आणि न्यायालयास हुकूम बजावावयास शहरच उरलें नाहीं! मोबील शहरानें त्याच सालीं तीच युक्ति केली. परंतु 1886 सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, तेच लोक व तोच मुलूख नव्या नांवाखालीं नांदत असतील तर जुनें कर्जही त्यांच्याबरोबर नांदतें.

यांत दोष कोणाचा? रोखे विकत घेणाऱ्यानें कायद्यावर विश्वास ठेविला, त्यास लुबाडणें आम्हांस मान्य नाहीं. उलट ज्या विधवेच्या घरावर दर वर्षीं न आलेल्या आगगाडीचा कर बसला, तिच्याविषयींही ज्यास कळवळा येत नाहीं त्याचें न्यायप्रेम कोरडें म्हणावें लागेल. ज्यांनीं सभेंत हात वर करून कर्ज मंजूर केलें ते बहुधा पुढें अधिकारावर राहिले नाहींत, आणि ज्यांनीं कंपन्या काढल्या त्यांनीं रोखे कधींच विकून टाकले होते. भरावयास उरला तो घरवाला व दुकानदार. अगदीं रित्या झालेल्या गांवास परमादेशानें पिळूनही कांहीं निघत नाहीं, हें मंदीच्या काळांत अमेरिकेसही पटलें. म्हणून 1934 सालीं शहरांच्या दिवाळ्याचा कायदा झाला, तो 1936 सालीं रद्द ठरला, 1937 सालीं सुधारून पुन्हां केला गेला व 1938 सालीं न्यायालयानें मान्य केला. त्याच परंपरेंतल्या कायद्याचा आश्रय डेट्रॉइट शहरानें 2013 सालीं घेतला.

आतां आपल्या घराकडे वळूं. पुणें महानगरपालिकेनें 2017 सालीं पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठीं 200 कोटी रुपयांचे रोखे काढले. त्याच वर्षीं जुलैपासून वस्तु व सेवा कर सुरू होऊन मुंबईची जकात बंद झाली, व तिची भरपाई राज्याकडून येऊं लागली. आमच्या राज्यघटनेप्रमाणेंही शहरास करांचा अधिकार राज्याचें विधिमंडळ देतें. म्हणजे क्विन्सीचा प्रश्न आमच्या दारांतून फार दूर नाहीं: कर्ज शहर घेतें, पण फेडीचें साधन दुसऱ्याच्या हातीं असतें.

कर्ज काढूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. स्वच्छ पाणी व गटारें यांसाठीं काढलेलें कर्ज मुलाबाळांच्या कल्याणाचें आहे. परंतु आमची मागणी इतकीच कीं, कोणतेंही कर्ज मंजूर करण्यापूर्वीं तें कोणत्या पट्टीतून, किती वर्षांत व घरामागें किती भार घालून फेडणार, हें नगरपालिकेनें साध्या मराठींत छापून प्रत्येक प्रभागांत लावावें. हिशोब सांगण्याची लाज वाटत असेल तर तें कर्ज घेण्याजोगें नाहीं, असें खुशाल समजावें. नागरिकांनींही सभेस जावें, आणि प्रश्न विचारावेत. सहीपूर्वीं विचारलेला एक प्रश्न सहीनंतरच्या शंभर दाव्यांहून स्वस्त पडतो. शहराच्या नांवानें दिलेलें वचन शेवटीं प्रत्येकाच्या उंबऱ्याशीं वसुलीस येतें. तेव्हां तें देतांनाच आपण जागे असावें, हें बरें.