दोरी ओढल्यानंतर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना 1982 साली बंद पडला, तेव्हा कंपनीतल्या सर्वांत वाईट कामगारांचा कारखाना अशीच त्याची ख्याती होती. रोज पाचातला एक जण दांडी मारायचा. कामावर दारू चालायची, अचानक संप व्हायचे. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून त्याच जागेत ‘नुम्मी’ ही कंपनी सुरू केली. टोयोटाला अमेरिकन कामगारांकडून काम करून घ्यायला शिकायचं होतं, जनरल मोटर्सला छोटी गाडी चांगली बनवायला. कामगार बहुतेक जुनेच घेतले, युनियनही जुनीच. तरी थोड्याच काळात गैरहजेरी अगदी उतरली आणि गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ जाऊन पोचला.

माणसं तीच होती, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. धोरण फसलं की ‘आपले लोकच तसे’ म्हणून हात झटकणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने फ्रीमाँटकडे पाहावं.

जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं हा मोठा गुन्हा होता. बोल्ट राहिला तरी गाडी पुढे ढकलायची, दुरुस्तीचं नंतर बघू. नुम्मीत कामगाराच्या हाताशी दोरी आली. काही अडलं की ओढायची. दोरी टांगायला एक दिवस पुरतो. खरी परीक्षा ती ओढल्यानंतरच्या मिनिटाची. टीम लीडर धावत यायचा, चूक कुणाची हे न विचारता काय अडलंय ते बघायचा, आणि तिथल्या तिथे सुटलं तर लाइन थांबायचीही नाही. त्यासाठी शेकडो जणांना जपानला नेऊन टोयोटाच्या चालू लाइनवर उभं केलं होतं. त्या प्रशिक्षणात असलेले जॉन शूक पुढे हेच मांडत राहिले, की आधी वागणं बदलतं आणि विचार त्याच्यामागून येतात.

मग 1988 च्या सुमारास गाड्यांचा खप घसरला. कामगार कपातीआधी वरिष्ठांचे पगार कापू, असा शब्द करारात दिलेला होता. कारखान्याची बरीच क्षमता रिकामी असतानाही कुणाला घरी बसवलं नाही. रिकाम्या वेळात प्रशिक्षण दिलं. व्यवस्थापनावरचा विश्वास माझ्या मते या काळात पक्का झाला, कारण शब्द पाळणं महाग असताना तो पाळला गेला.

जनरल मोटर्सने हीच पद्धत लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइजच्या कारखान्यात नेली. तिथे टीम आल्या, दोरीही आली. पण व्यवस्थापकांचा बोनस किती गाड्या बाहेर पडल्या यावरच ठरत होता. दोरी ओढणारा कामगार त्यांच्या खिशातच हात घालत होता. त्याच्या मदतीला कोण धावणार? कामगारांनाही टीम म्हणजे नोकऱ्या कमी करायचा डाव वाटला, आणि कपातीच्या सावटाखाली तसं वाटणं साहजिक होतं. 1992 मध्ये व्हॅन नाइज बंद झाला. नुम्मी त्यानंतरही 2010 पर्यंत चालली.