मशीन आपलं, झेरॉक्स व्हायरसची!

सबमिशन डोक्यावर, अंगात ताप आणि घसा दुखतोय. मग आपण काय करतो? रूममेटच्या ड्रॉवरमध्ये उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेतो आणि झोपतो. मीही हे केलंय, खोटं कशाला बोलू! पण ताप व्हायरल असेल, तर त्या गोळीचा व्हायरसवर काहीच परिणाम होत नाही. का? कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान आठवा.

बॅक्टेरिया म्हणजे स्वतःचं मशीन असलेलं दुकान. त्याची भिंत वेगळी, यंत्रणा वेगळी. अँटिबायोटिक नेमका त्यावरच घाव घालतं. व्हायरस मात्र नुसता पेनड्राइव्ह! आत जनुकांची फाइल, बाहेर प्रथिनांचं कव्हर. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच मशीनवर, आपलाच कागद वापरून स्वतःच्या ढीगभर कॉपी काढतो. मशीन फोडावं, तर दुकान आपलंच. त्यामुळे व्हायरसला मारणारं औषध माणसालाही झेपणार नाही, असंच बरीच वर्षं मानलं जायचं.

हा समज खोडणाऱ्यांतलं एक नाव लक्षात ठेवा: गर्ट्रूड एलियन. आजोबा कॅन्सरने गेले, तेव्हा ती १५ वर्षांची होती. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातून तिने केमिस्ट्रीची पदवी घेतली. पण लॅबमध्ये मुलगी आली तर बाकीच्यांचं लक्ष उडेल, असं सांगून तिला नोकरी नाकारली गेली. तिने शिकवण्या केल्या, एका लॅबमध्ये बिनपगारी कामही केलं. १९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत संधी मिळाली. नोकरी सांभाळून सुरू केलेली पीएचडी मात्र अर्धवट सोडावी लागली.

१९७०च्या दशकात तिच्या टीमने असायक्लोव्हिर या औषधावर काम केलं. त्याची गंमत बघा. हे औषध पेशीत जातं, पण झोपलेलं असतं. हर्पिसच्या घराण्यातले व्हायरस आपल्यासोबत स्वतःचं एक एन्झाइम आणतात. ते एन्झाइमच या औषधाला जागं करतं! म्हणजे निरोगी पेशीत ते जवळपास गप्प, आणि व्हायरस शिरलेल्या पेशीत कामाला सुरुवात. व्हायरसच्या डीएनएची गाडी डब्याला डबा जोडत तयार होत असते. त्यात हे औषध एका डब्याच्या वेशात घुसतं, पण त्याला मागे कपलिंगच नसतं. पुढचा डबा जोडता येत नाही. गाडी तिथेच थांबते.

म्हणून हे जादूची गोळी आहे का? नाही. फ्लू किंवा डेंग्यूवर ते चालत नाही, कारण प्रत्येक व्हायरसची हत्यारं वेगळी. कांजिण्यांचा व्हायरस बरं झाल्यावरही आपल्या नसांमध्ये लपून राहतो. झोपलेल्या व्हायरसला हे औषध हात लावू शकत नाही. तोच पुढे कधीतरी जागा होतो आणि आजीला नागीण होते. तेव्हा मात्र पुरळ उठल्यापासून तीन दिवसांत डॉक्टरकडे नेलंत, तर अशा औषधाचा चांगला उपयोग होतो.

१९८८ मध्ये एलियनला नोबेल मिळालं. पीएचडी नसताना!

तर मित्रांनो, पुढच्या वेळी ताप आला की ड्रॉवर उघडू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हे व्हायरल आहे की बॅक्टेरियल?’ नको तिथे अँटिबायोटिक घेतलं, तर बॅक्टेरिया त्याला सरावतात. मग खरी गरज पडेल तेव्हा तीच गोळी उपयोगाची राहत नाही.