घारीची विद्या

उन्हाळ्यातील दुपारी भिवंडीच्या आकाशात घिरट्या घालणारी घार तुम्ही पाहिली असेलच. पंख न हलविताही ती वर वर चढत जाते. हे कसे घडते? तापलेल्या जमिनीलगतची हवा उष्ण व हलकी होऊन वर जाऊ लागते. घार त्या प्रवाहातच फिरत राहते आणि त्याच्याबरोबर वर जाते.

ही विद्या मनुष्यानेही शिकून घेतली. जर्मनीतील ओटो लिलिएंथाल याने पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास केला व 1891 साली स्वतः बनविलेल्या पंखांच्या आधारे उड्डाणे केली. 1896 साली अशाच एका उड्डाणात कोसळून तो प्राणास मुकला. परंतु त्याचे कार्य पुढील संशोधकांस मार्गदर्शक ठरले. अशा इंजिनविरहित विमानास ग्लायडर म्हणतात.

आपल्या राज्यात पुण्याजवळ हडपसर येथे स्वातंत्र्यानंतर ग्लायडिंगचे शिक्षण देणारे केंद्र उभे राहिले. भारतीय अभियंत्यांनी रचलेले 'रोहिणी' हे ग्लायडर 1961 साली प्रथम उडाले. त्यात गुरू व शिष्य शेजारी शेजारी बसत.

उड्डाणापूर्वी ग्लायडरची कसून तपासणी करतात. मग एकजण त्याच्या पंखाचे टोक हाती धरून ते समतोल ठेवतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र पोलादी दोर वेगाने गुंडाळू लागते आणि ग्लायडर पतंगासारखे वर चढते. पुरेशी उंची गाठताच वैमानिक दोर सोडून देतो. आता इंजिनाची घरघर नाही. ऐकू येतो केवळ वाऱ्याचा आवाज. समोरच्या काचेवर लोकरीचा एक धागा चिकटविलेला असतो. तो सरळ राहिला, की ग्लायडर तिरपे सरकत नाही, हे वैमानिकास कळते.

मात्र स्थिर हवेत ग्लायडर सतत खाली येत असते. 20 मीटर पुढे जाताना ते 1 मीटर उतरत असेल, तर 300 मीटर उंचीवरून ते 6 किलोमीटर जाईल. समोरून वारा आला, तर हे अंतर घटते. इंजिनाचे विमान उतरताना चुकले, तर पुन्हा वर जाऊ शकते; ग्लायडरला ती सोय नाही. म्हणून वर नेणारा प्रवाह शोधण्याच्या मोहात मैदान दूर राहणार नाही, याची वैमानिकास सदैव दक्षता घ्यावी लागते. उंची हाती असतानाच तो परत फिरतो.

वर नेणारे बळ वाऱ्याचे असते. पण केव्हा परतावे, हा विवेक मात्र वैमानिकाचा स्वतःचाच असावा लागतो.