विद्यार्थ्याचा मेल कॉलेजच्या नावाने हवा

बारावीचा निकाल लागला की परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर इथल्या ऑनलाइन सेंटरांवर रांगा लागतात. प्रवेशाचा फॉर्म, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळे तिथेच भरले जाते. 'मेल आयडी आहे का?' असे सेंटरवाला विचारतो आणि पोरगा गप्प राहतो. मग तिथल्या तिथे एक आयडी तयार होतो आणि पासवर्ड चिठोऱ्यावर लिहून दिला जातो. घाई असेल तर सेंटरवाला स्वतःचाच आयडी टाकून मोकळा होतो. चिठोरे हरवते. खात्याला जोडलेले सिम रिचार्ज न केल्याने बंद पडते आणि काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्याला जातो. अर्जात त्रुटी निघाल्याची सूचना मेलवर आली, तरी ती ज्याच्यासाठी असते त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

यावर उपाय आहे. प्रवेशाबरोबरच प्रत्येक विद्यार्थ्याला कॉलेजच्या नावाचा पत्ता द्यायचा. पासवर्ड विसरला तर ओळखपत्र घेऊन कार्यालयात जायचे, तो पाच मिनिटांत बदलून मिळतो. खासगी खात्याच्या बाबतीत असा कोणताच दरवाजा ठोठावता येत नाही.

पूर्वी हे तालुक्याच्या कॉलेजला झेपणारे नव्हते. स्वतःचा मेल सर्व्हर ठेवायचा म्हणजे एसीची खोली, इन्व्हर्टर आणि रात्री-बेरात्री धावून येणारा जाणकार माणूस हवा. लाइट गेली की मेल बंद, हार्ड डिस्क गेली की जुने सगळे पाण्यात. क्लाउड सेवेत हे यंत्र कॉलेजच्या आवारात नसतेच. ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये असते. मायक्रोसॉफ्टने असे एक केंद्र २०१५ मध्ये पुण्यात सुरू केले. शिक्षणसंस्थांना अशी सेवा देणे गूगलने २००६ मध्ये सुरू केले. आज गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांचीही मूलभूत सेवा मान्यताप्राप्त संस्थांना विनामूल्य मिळते.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्थेचा विचार केला तर याचे महत्त्व जास्त पटते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय परभणीत आहे, पण महाविद्यालये लातूर, अंबाजोगाई, बदनापूर, गोळेगाव, धाराशिव अशी विखुरलेली आहेत. एका इमारतीतल्या सर्व्हरवर या सगळ्यांनी विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

बदल करताना सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे डोमेन, म्हणजे पत्त्यातला ॲटच्या चिन्हानंतरचा भाग. शिक्षणसंस्थांचे एसी डॉट इन हे डोमेन अर्नेट इंडिया या संस्थेकडून मिळते. त्याच्या नोंदींत 'एमएक्स' नावाची एक ओळ असते. गावाचे टपाल कुठल्या कचेरीत उतरवायचे हे जसे ठरलेले असते, तसे या ओळीवरून मेल कुठल्या यंत्राकडे न्यायचा हे ठरते. क्लाउडवर जाताना ही ओळ बदलायची, पत्ता तोच राहतो. केंद्र सरकारने सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल झोहो कंपनीच्या यंत्रणेवर हलवला, तेव्हाही पत्त्यांतले जीओव्ही डॉट इन आणि एनआयसी डॉट इन कायम राहिले. डोमेन आपल्या ताब्यात असेल तर उद्या कंपनीही बदलता येते. म्हणूनच त्याचे नूतनीकरण एखाद्या प्राध्यापकाच्या खासगी मोबाइलवर अवलंबून ठेवू नये.

खरी मेहनत विद्यार्थ्यांच्या यादीची असते. प्रवेश रजिस्टरमध्ये आडनाव आधी, दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी स्पेलिंग वेगळे, आधारवर तिसरेच. एका वर्गात दोन-तीन पवार, तितकेच जाधव. नुसत्या नावाने पत्ते देता येत नाहीत आणि नुसता पीआरएन क्रमांक मुलांच्या लक्षात राहत नाही. नाव आणि प्रवेशाचे वर्ष जोडून केलेला पत्ता मला सर्वांत सोयीचा वाटतो. पहिला पासवर्ड मात्र जन्मतारीख कधीही ठेवू नये. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांच्या जन्मतारखा फिरत असतात.

विनामूल्य सेवेच्या अटी बदलतात, हेही धरून चालावे. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा दिली होती. ती बंद होणार हे २०२१ मध्ये जाहीर झाले आणि पुढे संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी ही मर्यादा आली. तीन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात माणशी सुमारे ३३ जीबी होतात. मेलला ही जागा भरपूर आहे, पण तासांचे व्हिडिओ साठवू लागले तर तीही अपुरी पडेल.

खासगीपणाचा प्रश्नही टाळू नये. कॉलेजला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असेल तर अकरावी-बारावीची मुले बहुतेक अठरा वर्षांखालची असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्यांना बालक मानतो आणि पालकांच्या संमतीची अट घालतो. प्रवेशाच्या फॉर्मवरच ती संमती साध्या मराठीत घ्यावी. कुठल्या परिस्थितीत कॉलेजला मुलांचे खाते उघडून पाहता येते, तेही लिहून द्यावे.

माझा सर्वांत जास्त आग्रह आहे तो पदवीनंतरच्या खात्याबद्दल. बीएस्सी ॲग्री झालेली मुले स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात. जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंत काही वेळा दोन वर्षे जातात. जूनमध्ये शेवटच्या वर्षाची खाती सरसकट उडवली, तर मुलाखतीचे पत्र आल्याचे मुलाला कळणारही नाही. हटवलेले खाते गूगलमध्ये २० दिवसांत आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांत परत मिळवता येते. त्यानंतर सगळे संपते. पदवीनंतर किमान दोन वर्षे खाते सुरू ठेवावे, बंद करण्यापूर्वी सहा महिने सूचना द्यावी आणि जुना मेल खासगी खात्यात कसा न्यायचा हे शेवटच्या सत्रातच शिकवावे.

यंत्र कंपनी सांभाळेल, खाती कॉलेजलाच सांभाळावी लागतील. प्राचार्यांनी त्यासाठी दोन माणसे नावानिशी नेमावीत, म्हणजे एक रजेवर गेला तरी काम अडणार नाही. आणि यंदा प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींनी कार्यालयात जरूर विचारावे: आम्हाला कॉलेजचा मेल मिळणार का, आणि पास झाल्यावर तो किती दिवस चालेल?