भाकरी, कांदा आणि जलरंग

चित्रास विषय भव्यच हवा, हा समज खोडून काढावयास आमच्या मालेगावातील (जि. वाशीम) न्याहारीचे ताट पुरेसे आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या शार्दँ या चित्रकाराने स्वयंपाकघरातील सामान्य जिन्नसांनाच प्रतिष्ठा दिली. आपल्या शासकीय रेखाकला परीक्षांतील स्थिरचित्र हा विषयही त्याच वाटेवरचा.

पोस्टकार्डाएवढा कागद घेऊन, ज्वारीची भाकरी, फोडलेला कांदा व मिरचीचा ठेचा खिडकीशी असा मांडावा, की प्रकाश एकाच बाजूने यावा. छायेसाठी तयार काळा न घेता निळा व तपकिरी मिसळावा, कांद्याच्या चकाकीसाठी कागद कोराच राखावा आणि भाकरीवरील करपट डाग सर्वांत शेवटी द्यावेत. मात्र अर्ध्या तासात आटोपावे. पुढे कांदा सुकतो आणि चित्रकाराची क्षुधा अनावर होते!