खोकं बदललं, गाडी उठली नाही

हजीऱ्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ५३ पलसाण्याला मुंबई-दिल्ली रस्ता, म्हणजे ४८ क्रमांक, ओलांडतो आणि बारडोली, व्यारा, सोनगढ करत नवापूरला महाराष्ट्रात शिरतो. खानदेशातल्या ड्रायव्हरांना हा रस्ता अंगणासारखा. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोलीत धुळे-नंदुरबार-जळगावकडची माणसं इतकी वसली आहेत, की गुजराती-हिंदीच्या गजबजाटात अहिराणीतलं ‘काय व्हयनं?’ कुणाला परकं वाटत नाही. गॅरेजच्या दारात त्याचं उत्तर हल्ली पुष्कळदा एकच असतं: ‘कॉम्प्युटर उडाला.’

हा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम. ॲल्युमिनियमचं चपटं खोकं. इंजिनाच्या अंगाला नाहीतर केबिनमध्ये बसवलेलं, कपलरांत शंभरावर पिना. काही इंजिनांत त्याच्या पाठीमागून डिझेल फिरवून त्याला थंड ठेवतात. त्याचं काम ऐकायला साधं आहे: कुठल्या सिलिंडरमध्ये, कोणत्या क्षणी, किती डिझेल सोडायचं ते ठरवायचं. पण इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सहा सिलिंडरांच्या गाडीत सेकंदाला निदान ७५ वेळा फवारा मारावा लागतो, आणि क्रँक एक अंश फिरायला सेकंदाचा ९,०००वा भाग पुरतो. एवढ्या वेळात सेन्सरांचं ऐकून निर्णय घ्यायचा आणि इंजेक्टरला करंट द्यायचा.

पूर्वी हेच काम लोखंड करायचं. १९५१ साली बंगळुरात सुरू झालेल्या ‘मायको’चा पंप इंजिनाला जोडलेला असे. आतला कॅमशाफ्ट, प्लंजर आणि गव्हर्नर मिळून डिझेलचा हिशेब सांभाळत. बिघडला की पंपवाल्याकडे जायचं. तो बेंचवर चढवून प्रत्येक सिलिंडरचं माप जुळवून देई. बॅटरी बसली तर उतारावर ढकलून गाडी सुरू होई. त्या गाड्या धूर ओकायच्या, हेही खरं. आठवणींच्या ओघात हे सोयीस्कर विसरलं जातं.

धुराच्या नियमांनीच पंपाची सद्दी संपवली. बीएस-४ मोजक्या शहरांत २०१० पासून आणि देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं. त्याआधी तीनच दिवस, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयानं उरलेल्या बीएस-३ गाड्यांच्या विक्रीला मनाई केली. मग १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. म्हणजे देशभरच्या बाजारात बीएस-४ ट्रकचं पीक जेमतेम तीन वर्षांचं. आज ‘जुनी गाडी’ म्हणून गॅरेजात येते ती बहुतेक या पिकातली: लोखंड अजून धडधाकट, मेंदू मात्र कुरकुरणारा.

आता असं समजा, सुताचे बाचके भरलेली दहाचाकी कोंडाईबारीच्या घाटात पिकअप सोडते, चेक लाइट लागते, आणि गाडी कशीबशी सुरतेत येते. स्कॅनर लावला की पाच-सात कोड एकदम दिसतात. घाईचा मिस्तरी इथेच निकाल देतो: ईसीएम बदला. माझ्या मते नव्या पद्धतीच्या दुरुस्तीतला सगळ्यात महागडा शब्द ‘बदला’ हाच आहे. कारण बऱ्याच सेन्सरांना पाच व्होल्टचा पुरवठा एकत्र जातो. त्यातला एक शॉर्ट झाला तरी बाकीचे निर्दोष सेन्सरही आजारी दिसतात. अशा वेळी अनुभवी वायरिंगवाला सेन्सरांचे कपलर एकेक करून काढतो. कपलर निघताच पाच व्होल्ट परत आले, तर चोर सापडला.

मग बॅटरीपासून खोक्यापर्यंत लोड टाकून व्होल्टेज तपासायचं. रिकाम्या वायरीवर मीटर २४ दाखवतो, पण बल्ब लावला की तीच वायर मान टाकते. बॉडी अर्थचा बोल्ट गंजला असेल तर सगळाच हिशेब चुकतो. कॅनच्या दोन वायरी, ज्यांवरून गाडीतली खोकी एकमेकांशी बोलतात, त्यांच्या टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. बॅटरी काढून मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर सुटला आहे, नाहीतर मध्येच वायर तुटली आहे. एवढं सगळं पाहायला अर्धा दिवस जातो आणि मालकाच्या डोळ्यांना काहीच झालेलं दिसत नाही. या अर्ध्या दिवसाचे पैसे मागायला मिस्तरी लाजतो, आणि खोक्याचे पैसे बिनदिक्कत घेतो.

खोकं खरोखर मरतं, तेही उगाच नाही. बॅटरी न काढता चेसिसवर वेल्डिंग करणं हा आपल्याकडचा जुना रोग. जंप स्टार्टला केबल उलट्या लागतात. इंजेक्टरची वायर घासून शॉर्ट झाली तर आतला ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टरला करंट देणारा भाग, जळतो, आणि ज्या इंजिनांत तीन-तीन इंजेक्टर एका ड्रायव्हरवर असतात तिथं तीन सिलिंडर एकदम गप्प होतात. शिवाय पाणी. पावसाळ्यात खाडीला पूर आला की लिंबायत, पर्वत पाटिया भागात ते उंबरे ओलांडतं. उभ्या गाड्या त्यातून सुटत नाहीत. पाणी आठवड्यात ओसरतं, पण कपलरमध्ये शिरलेला ओलावा पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढवत राहतो, आणि गाडी दिवाळीत बंद पडते. तोवर पूर कुणाच्या लक्षातही नसतो.

समजा निदान पक्कं झालं, नवं खोकं आलं. चार बोल्ट, दोन कपलर. बसवायला अर्धा तास. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, उठत नाही. कारण नवं खोकं कोरं आहे. त्यात त्या इंजिनाची फाइल टाकावी लागते: किती अश्वशक्ती, कोणता टर्बो, वेगाची मर्यादा किती. चेसिस नंबर भरायचा. इमोबिलायझर असेल तर चावीशी ओळख करून द्यायची. आणि सहाही इंजेक्टरचे कोड द्यायचे. दोन इंजेक्टर कधी हुबेहूब सारखे निघत नाहीत. म्हणून कारखान्यात तपासून प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या फरकाचा कोड कोरतात. आपल्या नाशिकच्या सातपूरला बॉशचा कारखाना इंजेक्टर आणि नोझल बनवतो, तेव्हा ही अक्षरं मराठी माणसाला अगदीच परकी नसावीत. ती चुकीच्या सिलिंडरला भरली तरी गाडी चालते, पण आयडलला थरथरते आणि धूर टाकते. पंपवाला जे माप पान्यानं जुळवायचा, तेच आता कीबोर्डवरून भरायचं असतं.

दुसरी वाट भंगारातल्या गाडीचं खोकं आणून त्यात जुन्याचा डेटा उतरवण्याची. स्वस्त पडते, पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे आणि जुन्याची मेमरी वाचता आली पाहिजे. फाइल हाताळणारा हात मोहात पडतो तो इथेच: ‘युरियाही बंद करून देऊ का?’ एससीआरच्या, म्हणजे युरियानं धूर स्वच्छ करणाऱ्या, गाडीला ३२.५ टक्के युरियाचं द्रावण लागतं, त्याचा खर्च मालकाला डाचतो. ते बंद करणं बेकायदा आहे, आणि ज्या धुरासाठी हा सगळा मेंदू गाडीत बसवला तोच परत आणणारंही आहे.

म्हणून शहाणा मिस्तरी जुनं खोकं उघडण्याआधी त्यातलं सगळं वाचून घेतो आणि गाडीच्या नंबरानं दोन ठिकाणी ठेवतो. नंतर इंजेक्टरवरची अक्षरं टॉर्च लावून, कापडानं पुसून, मोबाइलवर फोटो काढून जुळवतो. मग सेल्फ. पहिल्याला उठली नाही तर तो खोक्याला हात लावत नाही. डिझेल लाइनमध्ये एअर आहे का ते आधी बघतो.